नवी कल्पना गळी कशी उतरते?

हल्ली आपल्या वाणिज्य शाखेत 'सादरीकरण' हा शब्द फार ऐकू येतो. सत्रातून निदान एकदा तरी प्रत्येकाला सेमिनार हॉलमधल्या पडद्यासमोर उभे राहावे लागते. याखेरीज बिझनेस प्लॅनच्या स्पर्धा, कॉमर्स फेस्ट, नव्या उद्योजकांसाठीची शिबिरे आहेतच. ही गोष्ट एका अर्थी चांगली आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना उत्तरपत्रिकेपलीकडे आपले म्हणणे मांडण्याची संधी क्वचितच मिळे. परंतु या सादरीकरणांचा जो साचा आपण पाडून घेतला आहे, तो पाहिला म्हणजे प्रश्न पडतो, की आपण कल्पना मांडायला शिकतो आहोत की पडदा वाचायला?

हा साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. पहिल्या स्लाइडवर विषय आणि गटातल्या मुलांची नावे, दुसरीवर प्रस्तावना, तिसरीवर उद्दिष्टे. मग बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा चौकोन. मग इंटरनेटवरून उतरवलेला एखादा रंगीत तक्ता आणि सर्वांत शेवटी जोडलेल्या हातांचे चित्र व 'थँक यू'. मजकूर इंग्रजीत, अक्षर बारीक, आणि बोलणारा श्रोत्यांकडे पाठ करून तोच मजकूर मोठ्याने वाचतो. असे पंधरा गट झाल्यावर कुणी विचारावे, 'पहिल्या गटाची कल्पना काय होती?' उत्तर कुणालाही देता येणार नाही. विद्यार्थ्यांना नाही, आणि स्पष्ट बोलायचे तर गुण देणाऱ्यांनाही नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नवी कल्पना ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एकच मोठी शंका असते. ती नेमकी कोणती हे ओळखावे, तिचे उत्तर त्याच्या डोळ्यांपुढे ठेवावे आणि ते त्याला कळेल अशा भाषेत ठेवावे. एवढे साधले तर सादरीकरण लक्षात राहते. हे साधले नाही तर कितीही रंग भरले तरी फुकट. याचा आधार शोधायला परदेशी व्यवस्थापनशास्त्राच्या जाड पुस्तकांकडे धाव घ्यायचे कारण नाही. तो आपल्या गावातच सापडतो.

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्याने आपण कपडे घ्यायला, चहा प्यायला जातो. नाव मात्र क्वचितच मनावर घेतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ चा मानतात आणि तो बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली आणि त्यानंतर लोखंडी नांगर आला.

हा नांगर विकताना त्यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती प्रत्येक वाणिज्य विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली! आज आपण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होऊ. परंतु त्यांच्या जागी उभे राहून पाहा. नांगर वाईट निघाला तर नांगराचे पैसे बुडतील, तेवढे सोसता येईल. जमीन बिघडली तर? जमीन हे त्यांचे सारे भांडवल होते, बापाकडून आलेले आणि मुलाकडे जायचे. म्हणजे धोका विकणाऱ्याचा नव्हता, सगळा घेणाऱ्याचा होता. अशा माणसाला 'आमचा नांगर मजबूत आहे, खोल जातो, लाकडासारखा कुजत नाही' असे दहा मुद्दे सांगून काय उपयोग? त्याची शंका नांगराविषयी नव्हतीच, ती जमिनीविषयी होती. तिचे उत्तर कुठल्याही पत्रकात लिहून देता येत नाही. लोखंडाने नांगरलेल्या रानात पीक उभे राहिलेले दिसले तरच ते मिळते, आणि पिकाला हंगाम लागतो. दोन वर्षांचा काळ आपल्याला लांब वाटतो. शेतकऱ्याच्या हिशेबाने त्यात पिकाचे दोनच फेरे होतात.

पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी पैशाची मदत आणि कुंडल स्टेशनजवळचे माळरान दिले, आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात सुरू झालेला उद्योग बेळगावाबाहेर वाढला. याची खंत करण्याचा हा लेख नाही. परंतु शेतकऱ्याला न पटलेली कल्पना आणि राजाला पटलेली कल्पना एकाच माणसाची होती, हे ध्यानात घ्यावे. कल्पना तीच असली तरी ऐकणारा बदलला की शंका बदलते. शेतकऱ्याला जमिनीची काळजी, तर भांडवल देणाऱ्याला 'हा माणूस टिकेल का' याची. दोघांपुढे एकच भाषण करून चालत नाही.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. ते आपल्या सर्वांना 'राजा हरिश्चंद्र'मुळे माहीत आहेत. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला, हे सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरते आपण पाठही करतो. त्याच्या आधीची हकिकत मात्र अधिक शिकवणारी आहे. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन आले, तेथून कॅमेरा घेऊन आले. आता चित्रपट काढायचा तर पैसा हवा. हिंदुस्थानात तोवर या धंद्याचा ठावठिकाणा नव्हता, मग पैसा देणार कोण?

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढत असता महिनाभराहून अधिक दिवस त्याचे थोडे थोडे चित्रण केले. त्यातून जेमतेम एका मिनिटाचा चित्रपट तयार झाला. नाव, 'अंकुराची वाढ'. काही निवडक मंडळींना त्यांनी तो दाखवला. बी फुटते आहे, कोंब वर येतो आहे, वेल चढते आहे, हे सारे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका मिनिटात घडले. ते पाहून कर्ज द्यायला माणसे पुढे आली.

या ठिकाणी फाळक्यांनी काय केले नाही, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी हरिश्चंद्राची कथा सांगितली नाही. ती तर प्रत्येकाला आजीपासून माहीत होती. चित्रपटाच्या धंद्यात युरोपात किती पैसा मिळतो, याचा तक्ता मांडून ते थांबले नाहीत. सावकाराच्या मनातली शंका अशी असणार, की हे यंत्र इथल्या माणसाला चालवता येईल काय? फाळक्यांच्या वाटाण्याने तेवढ्याच शंकेचे उत्तर दिले, आणि ते पाहणाऱ्याच्या कायमचे लक्षात राहील असे दिले. त्या मंडळींपैकी कुणी घरी जाऊन बायकोला सांगायला बसला असेल, तर त्याला एक वाक्य पुरले असेल: 'आज मी मिनिटभरात रोप वाढताना पाहिले.' आपण केलेले सादरीकरण ऐकून घरी गेलेला माणूस असे एखादे वाक्य सांगू शकेल काय, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

किर्लोस्करांच्या आणि फाळक्यांच्या काळी पॉवरपॉइंट नव्हते. ते १९८७ साली बाजारात आले. ते वाईटच आहे, असे मी म्हणत नाही. नकाशा, छायाचित्र, आकड्यांचा आलेख दाखवायला पडद्यासारखे साधन नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट मुद्द्यांच्या उतरंडीत दडपून टाकण्याची सोयही तेच करून देते. याचे एक उदाहरण तर आपल्या देशाला चटका लावून गेलेले आहे. जानेवारी २००३ मध्ये 'कोलंबिया' यान उडाले, तेव्हा इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच त्याच्या परिणामाविषयी अभियंत्यांनी नासापुढे स्लाइड ठेवल्या. त्यांतल्या एकीचे शीर्षक धीर देणारे होते. आणि अगदी तळाच्या ओळीत असे होते, की ज्या चाचण्यांच्या आधारे हे बोलले जात आहे त्यांत तुकडा ३ घन इंचांचा होता, तर इथे विचार १,९२० घन इंचांच्या तुकड्याचा आहे. म्हणजे ६४० पट मोठा! ही खरे तर पहिली आणि एकमेव ओळ असायला हवी होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. अपघात स्लाइडमुळे झाला असे कुणी म्हणणार नाही. परंतु नेमून दिलेल्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचा मुद्दाम उल्लेख केला, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या पद्धतीवर टीका केली. आपल्या वर्गात जीव जाण्याचा प्रश्न नसतो हे खरे. सवय मात्र तीच लागते.

आता आपल्या वर्गातलेच उदाहरण घेऊ. समजा, चार विद्यार्थ्यांची कल्पना अशी आहे की गणपत गल्ली, खडेबाजार या भागातल्या लहान किराणा दुकानदारांना दरमहा हिशेब लिहून द्यायचा आणि त्याबद्दल महिना तीनशे रुपये घ्यायचे. साच्याप्रमाणे पहिली स्लाइड 'भारतीय अर्थव्यवस्थेत लघुउद्योगांचे महत्त्व' ही येईल. दुकानदाराला याचे काय? त्याचे महत्त्व त्याला ठाऊक आहे.

त्याऐवजी एका काल्पनिक दुकानाचा एका महिन्याचा एक कागद करावा. महिन्याची विक्री २,००,००० रुपये. त्यांपैकी उधारीवर ५०,०००. जुन्या उधारीची वसुली ३५,०००. म्हणजे येणे १५,००० रुपयांनी वाढले. शेकडा ८ प्रमाणे निव्वळ नफा धरला तर तो १६,००० होतो. दुकानातला माल आणि दुकानदाराची देणी होती तेवढीच राहिली असे धरू. मग सोळा हजारांच्या नफ्यातले पंधरा हजार गिऱ्हाइकांच्या खिशात राहिले आणि गल्ल्यात आला एक हजार! 'धंदा तर चांगला चाललाय, मग महिनाअखेर हात आखडता का?' हा जो प्रश्न दुकानदार वर्षानुवर्षे मनाशी घोळवतो, त्याचे उत्तर एका कागदावर दोन मिनिटांत मिळाले.

तरीही तो लगेच हो म्हणणार नाही. कारण त्याची खरी शंका वेगळी आहे: 'ही पोरे माझे आकडे शेजारच्या दुकानात जाऊन सांगतील.' ती तो तोंडाने बोलणार नाही. 'बघू, पुढच्या महिन्यात या' असे म्हणेल. म्हणून ती आपणच ओळखून सांगावे, की वही दुकानाबाहेर जाणार नाही, आम्ही तुमच्या गल्ल्यापाशी बसून हिशेब लिहू, आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन दुकानांचे काम एकाच विद्यार्थ्याकडे राहणार नाही. कागद एक, उत्तरे दोन. याला पडदाही लागत नाही आणि वीज गेली तरी अडत नाही.

परंतु हा कागद कोणत्या भाषेत असावा? येथे मी आपल्या महाविद्यालयातल्या, आणि एकूणच या सीमाभागातल्या महाविद्यालयांतल्या, एका अवघड गोष्टीला हात घालतो. आमच्यापैकी बरेचजण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत, तितकेच कन्नड माध्यमातून आलेले आहेत. वर्गात आम्ही शेवटच्या बाकांवर शेजारी शेजारी बसतो. मराठी विरुद्ध कन्नड असा वाद बाहेर कितीही चालो, सादरीकरणाच्या दिवशी दोन्हीकडच्या मुलांच्या घशाला सारखीच कोरड पडते. कल्पना असते, आकडे असतात, वाक्य मात्र सुचत नाही. मग गटातल्या ज्या एकाला इंग्रजी सफाईने येते, तो बोलतो. ज्याने बाजारात हिंडून माहिती जमवली, तो संगणकाची बटणे दाबत उभा राहतो. गुण वाटले जातात तेव्हा 'कम्युनिकेशन' या नावाखाली पहिल्यालाच जास्त मिळतात. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या नियमावलीत तर इंग्रजीखेरीज बोलल्यास गुण कापले जातील, असे छापलेले मी वाचले आहे. ती कल्पना होती म्हशीच्या दुधाच्या संकलनाची! दूध घालणारा शेतकरी त्या हॉलमध्ये असता, तर त्याला त्यातला एक शब्द कळला नसता.

याउलट बाजारात पाहा. बेळगावचा दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी हिंदी-उर्दूत, आणि आपण काही विशेष करतो आहोत हे त्याच्या गावीही नसते. धंद्याचे शब्दसुद्धा असे शेजारधर्माने राहणारे आहेत. आपली कीर्द कन्नडमध्ये 'किर्दि' होऊन नांदते, उधारी 'उद्रि' होते. ज्या गावात हिशेबाला दोन्ही भाषांचे शब्द आहेत, त्या गावात हिशेबाची कल्पना मांडायला तिसरीच भाषा सक्तीची का असावी?

यावर आक्षेप येईल, की पुढे नोकरीत, बँकेत, परगावच्या कंपनीत इंग्रजीच लागणार. आत्ता सवलत दिली तर मुले कच्ची राहतील. हा आक्षेप खोटा नाही. इंग्रजी आलीच पाहिजे आणि ती कष्टाने शिकली पाहिजे, यात मला शंका नाही. फाळकेही इंग्रजी साप्ताहिके वाचूनच लंडनच्या वाटेला लागले. परंतु शिकण्याची भाषा आणि पटवून देण्याची भाषा एकच असली पाहिजे, असे कुठे आहे? बँकेच्या अधिकाऱ्यापुढे इंग्रजीत बोलावे, कारण त्याचे कागद इंग्रजीत असतात. दुकानदारापुढे, दूधवाल्यापुढे त्याच्या भाषेत बोलावे. जो विद्यार्थी दोन्हीकडे बोलू शकेल, तोच पुढे खरा उपयोगी पडेल. आज आपण फक्त एकाच बाजूची परीक्षा घेतो.

आणखी एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. लक्षात राहणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत थेरानोस नावाची कंपनी २००३ साली निघाली. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर अनेक चाचण्या करू, ही तिची कल्पना इतकी पटकन लक्षात राहणारी होती, की एके काळी कंपनीचे मोल ९ अब्ज डॉलर धरले गेले. यंत्र मात्र सांगितल्यासारखे चालत नव्हते. २०१५ साली वृत्तपत्राने हे उघडकीस आणले, आणि २०२२ साली संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा झाली. फाळक्यांच्या कुंडीतला वाटाणा खरोखरच वाढला होता. आपण जे दाखवू ते कितीही लहान असो, ते खरे असावे. आपला नमुना कुठे अडतो हेही त्याच दमात सांगावे. ऐकणाऱ्याचा विश्वास त्याने वाढतो, कमी होत नाही.

नुसती तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून प्राध्यापकवर्गापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, सादरीकरणाची पहिली तीन मिनिटे पडदा बंद ठेवावा. जे दाखवायचे ते हातात धरून दाखवावे, नाहीतर फळ्यावर खडूने लिहावे. दुसरी, प्रत्येक गटाने सुरुवातीलाच सांगावे, की आमचा श्रोता कोण आणि त्याची मुख्य शंका कोणती. तिसरी, बोलण्याची भाषा मराठी, कन्नड वा इंग्रजी, श्रोता जो ठरवला असेल त्याप्रमाणे असावी; मात्र एका पानाचा सारांश इंग्रजीत लिहून द्यावा, म्हणजे तो सरावही सुटणार नाही. आणि चौथी, सगळे गट झाल्यावर वर्गातल्या प्रत्येकाने, कुठलेही टिपण न पाहता, एकेका गटाची कल्पना एका वाक्यात लिहावी. ज्या गटाची कल्पना अधिक जणांना बरोबर लिहिता आली, त्याला वीसपैकी पाच गुण त्याबद्दल द्यावेत. कुणाचे इंग्रजी सफाईदार आणि कुणाची चित्रे रंगीत, हा वाद मग आपोआप मागे पडेल.

मित्रहो, आपल्यालाही काही करायचे आहे. नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या सादरीकरणाआधी संगणकाशी बसण्यापूर्वी एक संध्याकाळ बाजारात काढा. ज्याच्यासाठी कल्पना आहे, त्या माणसाला ती सांगा आणि तो कुठे नाक मुरडतो ते पाहा. त्याची शंका तेथेच सापडेल. घरी येऊन तेवढ्या एका शंकेचे उत्तर तयार करा. मग स्लाइड करायच्या असतील तर खुशाल करा.

येत्या सत्रात निदान एका वर्गापुरता, एका विषयात हा प्रयोग व्हावा, अशी माझी विनंती आहे. तो फसला तर फसला असे सांगावे. काय अनुभव आला, कुणाच्या कल्पना लक्षात राहिल्या आणि कुणाच्या नाहीत, हे पुढच्या वर्षीच्या अंकात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत छापून यावे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष